अचलपतीच्या अंगणात : ब्लितारचे पाच दिवस

पहिला दिवस : मालांग ते ब्लितार

विषुववृत्ताच्या इतक्या जवळ सकाळी शाल पांघरून बसावं लागेल असं वाटलं नव्हतं. जुलैत इंडोनेशियातल्या जावा बेटावर कोरडा ऋतू असतो. आभाळ निरभ्र राहतं आणि रात्री जमीन गार पडते. या दिवसांतल्या गारठ्याला इथे 'बेदिदिंग' म्हणतात. मालांगच्या फलाटावर शेजारी बसलेल्या बाईंनी तो शब्द मला दोनदा म्हणून दाखवला आणि आपले हात एकमेकांवर चोळले. अर्थ सांगायची गरजच उरली नाही.

अमरावतीला एकतीस वर्षं मी शाळेत भूगोल शिकवला. ज्वालामुखीचा धडा दरवर्षी माझ्याचकडे असायचा. फळ्यावर शंकू काढायचा, मधोमध नळी, वर विवर, अंगावरून लाव्हाचे ओघळ. मुलांना सांगायचं, आपल्या पायाखालचा काळा दगड हाही लाव्हाच आहे, फक्त साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला. जिवंत ज्वालामुखी मात्र मी कधी डोळ्यांनी पाहिला नव्हता. निवृत्तीनंतर पहिला लांबचा प्रवास कुठे करायचा, हे त्यामुळे माझ्या मनात केव्हाच ठरलेलं होतं. नकाशावर पूर्व जावातला केलुद पर्वत शोधला आणि त्याच्या दक्षिण पायथ्याचं ब्लितार पक्कं केलं. हे म्हणाले, "तुझा धडा आहे, तू नेशील तिकडे येतो."

मालांग ते ब्लितार ही पॅसेंजर गाडी दोन तासांच्या आसपास घेते. जाताना उजवीकडच्या खिडकीशी बसावं. आधी कावी आणि बुताक हे जुने, हिरवे, रुंद पसरलेले डोंगर दिसत राहतात, आणि बऱ्याच वेळाने त्यांच्या मागून केलुद डोकावतो. तो इथल्या डोंगरांत बुटका आहे, उंची १,७३१ मीटर. फुजीसारखा रेखीव शंकू शोधणाऱ्याची निराशा होईल. त्याचा माथा मोडलेल्या दातांसारखा आहे, कारण तो पुन्हापुन्हा फुटला आहे.

डावीकडे कधी जवळून, कधी लांबून ब्रांतास नदी सोबत करते. ही नदी समजल्याशिवाय ब्लितार समजत नाही. तिची लांबी ३२० किलोमीटर. उगम अर्जुनो पर्वताच्या बाजूला, बातू गावाच्या वर. तिथून सरळ उत्तरेला गेली असती तर समुद्र काही फार लांब नव्हता. पण ती दक्षिणेला मालांगकडे उतरते, मग पश्चिमेला वळून ब्लितारखालून जाते, तुलुंगआगुंगपाशी उत्तरेला वळून केदिरी गाठते, आणि शेवटी पूर्वेला सुराबायाच्या दिशेने जाऊन समुद्राला मिळते. अर्जुनो, कावी, केलुद हे सगळे डोंगर तिच्या उजव्या हाताला राहतात. म्हणजे ही चक्क प्रदक्षिणा झाली. नकाशावर बोट फिरवताना हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. गाडीत बसून वळणावर वळण घेताना आलं.

सुंबरपुचुंगच्या पुढे दोन बोगदे लागतात. कारांगकातेसला ब्रांतासवर धरण बांधलं, तेव्हा जुना लोहमार्ग पाण्याखाली जाणार होता म्हणून रूळ वर सरकवले आणि डोंगर पोखरले. बोगद्यांची नावं आहेत एका बक्ती कार्या आणि द्वी बक्ती कार्या. एक, द्वि, भक्ती, कार्य. मुस्लिमबहुल देशातल्या सरकारी बोगद्याचं नाव मराठी माणसाला कोशाशिवाय कळतं, हे इथे रोजचंच आहे.

ब्लितार शहर लहान आहे. जेमतेम ३३ चौरस किलोमीटर, वस्ती दीड लाखाच्या आसपास. डचांनी १९०६ मध्ये त्याला नगरपालिकेचा दर्जा दिला. भोवती त्याच नावाचा मोठा जिल्हा आहे : उत्तरेला केलुदचा उतार, मधून ब्रांतासचं खोरं, दक्षिणेला चुनखडीच्या कोरड्या टेकड्या आणि त्यांच्यापलीकडे थेट हिंदी महासागर. उत्तरेकडची माती राखेची, काळी, भुसभुशीत. दक्षिणेकडची फिकट आणि खडकाळ. एकाच जिल्ह्यात सुबत्ता आणि टंचाई अशी नदीच्या दोन काठांवर वाटली गेलेली आहे.

संध्याकाळी चौकात, म्हणजे इथल्या 'आलुन-आलुन'वर, वडाखाली बसलो. शेजारी मोठी मशीद, पोरं पतंग उडवत होती. रस्त्याकडेच्या गाड्यावर पेचेल खाल्लं. भातावर उकडलेल्या पालेभाज्या आणि मोड आलेली कडधान्यं, त्यावर शेंगदाण्याची चटणी पातळ करून ओतलेली, आणि सोबत दाणे घातलेला तांदळाच्या पिठाचा कुरकुरीत पापड, रेंपेयेक. पहिल्याच घासात ओळखीचं काहीतरी दाताखाली आलं. निरखून बघितलं तर हादग्याची फुलं. इथे त्यांना तुरी म्हणतात. आई हादग्याच्या फुलांची भाजी करायची, ती गेल्यापासून मी ती खाल्ली नव्हती.

दुसरा दिवस : पनातारान

आज आषाढी एकादशी. आमच्या घरमालकीणबाईंना (सगळे त्यांना नुसतं 'बू' म्हणतात, म्हणजे आई किंवा बाई) आदल्या रात्री त्यांच्या मुलामार्फत सांगितलं होतं की उद्या आम्हा दोघांना भात चालणार नाही. त्यांनी कारण विचारलं नाही, फक्त "पुवासा?" म्हणाल्या. उपवासाला इथेही उपवासच म्हणतात. सकाळी टेबलावर उकडलेली रताळी, उकडलेल्या शेंगा आणि उकडलेली केळी असा थाळा तयार होता. हा जावातला नेहमीचा न्याहारीचा प्रकार निघाला. परदेशात इतका सोवळा फराळ मिळेल असं घरी कुणाला सांगितलं असतं तर पटलं नसतं.

पनातारान हे पूर्व जावातलं सगळ्यात मोठं मंदिरसंकुल. ब्लितारपासून बारा किलोमीटर उत्तरेला, केलुदच्या नैर्ऋत्य उतारावर. रस्ता सारखा चढत जातो, दोन्हीकडे भातखाचरं, ऊस आणि अननस. मुख्य दाराशी दोन प्रचंड द्वारपाल गुडघा टेकून बसले आहेत. त्यांच्यावर शक १२४२, म्हणजे इसवी सन १३२० कोरलेलं आहे.

या देवस्थानाची एक गोष्ट मला फार आवडली. इथल्या प्रत्येक पिढीने आपला शक लिहून ठेवला आहे. सगळ्यात जुना शिलालेख शक १११९ (इ.स. ११९७) चा, केदिरीच्या शृंग राजाचा. तेव्हा या जागेचं नाव पालाह होतं. पुढे मजपाहित साम्राज्य आलं. मुख्य मंदिराच्या द्वारपालांवर शक १२६९, एका देखण्या छोट्या देवळाच्या दारावर शक १२९१ (त्या देवळाला 'आंका ताहून', वर्षाच्या आकड्याचं देऊळ, असंच म्हणतात), बाहेरच्या सभामंडपाच्या ओट्यावर शक १२९७ आणि मागच्या स्नानकुंडावर शक १३३७. सव्वादोनशे वर्षं काम चाललेलं आणि सगळी कालगणना शालिवाहनाची! पैठणहून इतक्या दूर, समुद्रापार. मी पाठीवरची पिशवी खाली ठेवली आणि तोंडी ७८ मिळवत एकेक आकडा पुन्हा तपासला.

आणि देव कोण? अचलपती. १३६५ मध्ये प्रपंच नावाच्या कवीने लिहिलेल्या 'नगरकृतागम' या काव्यात येतं की मजपाहितचा राजा हयाम वुरुक पालाहला अचलपतीच्या दर्शनाला येत असे. अचल म्हणजे पर्वत. पर्वताचा स्वामी, शिवाचंच रूप. त्याच काव्यात हयाम वुरुकच्या जन्माच्या वर्षी, १३३४ मध्ये, कांपुद पर्वत गडगडल्याची आणि राखेचा पाऊस पडल्याची नोंद आहे. कांपुद म्हणजेच आजचा केलुद. राजाच्या जन्माचा शकुन म्हणून कवीने ते लिहिलं, पण भूगोलाच्या बाईला त्यात एका उद्रेकाची तारीख मिळाली. ज्या डोंगराने जीव घ्यावा त्याच्याच उतारावर, त्याच्याच दगडातून, त्याच्याच नावाने देऊळ उभारायचं आणि राजानेही तिथे डोकं टेकायचं. हे शहाणपण होतं की अगतिकता, यावर आम्ही दोघं त्या दिवशी पुष्कळ बोललो. मला ते शहाणपणच वाटलं.

संकुलाची मांडणी पश्चिमेकडून पूर्वेकडे चढत जाते. एकामागे एक तीन आवारं आणि मुख्य मंदिर सगळ्यात मागे. मधल्या आवारात नागमंदिर आहे. त्याच्या भिंतीभोवती नऊ आकृत्या एक लांबलचक नाग खांद्यावर तोलून उभ्या आहेत. सागरमंथनाच्या वासुकीची आठवण येतेच. मुख्य मंदिराचा आता फक्त पायऱ्यापायऱ्यांचा चौथरा जागेवर उभा आहे. वरचा गाभाऱ्याचा भाग दगड जुळवून बाजूला जमिनीवर मांडून ठेवला आहे.

पहिल्या टप्प्यावर रामायण आहे. सगळं नाही. हनुमान लंकेत पोचतो तिथपासून कुंभकर्णाच्या मृत्यूपर्यंत, बास. आकृत्या चपट्या, एका बाजूने दिसणाऱ्या, वायांग या जावातल्या छायानाट्याच्या बाहुल्यांसारख्या, आणि उरलेली सगळी जागा ढग, झाडं, ज्वाळा यांच्या वेटोळ्यांनी भरलेली. मध्ये मध्ये गोल चकत्यांत प्राणी. वेरूळ पाहिलेल्या डोळ्यांना आधी हे परकं वाटतं, कारण वेरूळची शिल्पं दगडातून बाहेर येतात आणि ही दगडावरच पसरतात. पण लंकादहनाच्या पट्टीपाशी थांबले आणि तिथेच खिळले. त्या ज्वाळा ज्याने कोरल्या त्याने आग जवळून पाहिलेली होती.

कथा वाचत जायची ती देऊळ डाव्या हाताला ठेवून, म्हणजे आपल्या प्रदक्षिणेच्या उलट. नदी डोंगराला सुलट घालते आणि इथे माणसं देवाला उलट. जुन्या जावात या उलट फेरीला 'प्रसव्य' म्हणत. हे दोन पावलं चालून थबकले. "पाय ऐकत नाहीत गं," म्हणाले. मग आम्ही आधी आपल्या पद्धतीची एक फेरी पूर्ण केली आणि नंतर रामायणाच्या मागे गेलो.

दुसऱ्या टप्प्यावर कृष्णायन. जुन्या जावानीज भाषेत या कथेवर काव्य आहे, त्यातलीच ही दृश्यं : कृष्ण रुक्मिणीला रथातून पळवून नेतो, रुक्मी पाठलाग करतो, लढाई होते. त्या काव्यात रुक्मिणीच्या बापाच्या नगरीचं नावही आहे, कुंडिन. म्हणजे आमचं कौंडण्यपूर! अमरावती जिल्ह्यातलं, वर्धा नदीच्या काठचं, जिथून दरवर्षी रुक्मिणीमातेची पालखी पंढरपूरला जाते आणि आजच्याच दिवशी तिकडे पोचलेली असते. माहेरचं नाव घेणारी लेक परमुलखात अचानक भेटावी तसं झालं. मला तिथे बसावं लागलं. देवळाची देखभाल करणारे काका लांबून बघत होते. ते आले आणि काहीही न विचारता पाण्याची बाटली ठेवून गेले.

मागच्या बाजूला शक १३३७ चं स्नानकुंड आहे. पाणी स्वच्छ, तळाशी मासे. कुंडाच्या भिंतींवर पंचतंत्रासारख्या प्राणिकथा कोरल्या आहेत. काठीला तोंडाने धरून दोन हंसांसोबत उडणारं कासव तिथे आहे. ते बोलणार आणि पडणार, हे दुसरीतल्या पोरालाही माहीत असतं. सहाशे वर्षं ते अजून हवेतच आहे.

तिसरा दिवस : शहरातच

ब्लितारला रोज बसच्या बस भरून लोक येतात ते देवळासाठी नाही, सुकार्नो यांच्या समाधीसाठी. इंडोनेशियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष २१ जून १९७० ला जाकार्तात गेले, सत्ता गमावलेल्या आणि नजरकैदेत असलेल्या अवस्थेत. त्यांची इच्छा बोगोरजवळ दफन व्हावं अशी होती. सत्तेवर आलेल्या सुहार्तोंनी ती मानली नाही आणि राजधानीपासून लांब, ब्लितारला, आईच्या शेजारी जागा दिली. लोकांची गर्दी जमू नये हा हेतू असेल तर तो साफ फसला. आता समाधीवर 'जोग्लो' या पारंपरिक जावानीज पद्धतीचं उतरतं छप्पर आहे, मोठा काळा दगड आहे, आणि अखंड येणारी माणसं फुलं वाहून कुराणातल्या आयती म्हणत बसलेली असतात. दगडावर त्यांना जनतेच्या जिभेचा दुवा म्हटलं आहे. बापू-चाचांच्या देशातून आलेल्या माणसाला तो भाव समजतो. भारताच्या पहिल्या प्रजासत्ताक दिनाला, २६ जानेवारी १९५० ला, दिल्लीत प्रमुख पाहुणे हेच होते.

शेजारी एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला वडील. वडील जावानीज शाळामास्तर, आई इदा आयू न्योमान राय ही बालीतल्या ब्राह्मण घराण्यातली. मुलाचं पहिलं नाव कुस्नो. तो सारखा आजारी पडे म्हणून वडिलांनी नाव बदललं आणि महाभारतातल्या कर्णाचं ठेवलं. पुढे 'सु' लागला. सु-कर्ण. आपल्याकडे पोराचं नाव अर्जुन ठेवतात, भीमसुद्धा ठेवतात, कर्ण फार थोडे ठेवतात. त्या मास्तरांना कर्णाचं दातृत्व आणि शौर्य दिसलं, त्याचं दुर्दैव त्यांनी पत्करलं. समाधीपाशी उभी असताना हे दोन्ही मला त्या माणसाच्या आयुष्यात दिसले.

गेबांग भागातलं घराण्याचं जुनं घर पाहिलं. पांढरं, लांब ओसरीचं, मागे गाडीखाना. सुकार्नो इथे आईला भेटायला येत, तिच्या गुडघ्याशी डोकं टेकवून नमस्कार करत. मोठ्यांच्या पाया पडण्याची ही जावानीज रीत, तिला 'सुंगकेम' म्हणतात.

दुपारी पेटाचं स्मारक. जपानी राजवटीत स्थानिक तरुणांची 'पेटा' नावाची सेना उभारली होती, त्या नावाचा अर्थ मायभूमीचे रक्षक. शिकवलं जपान्यांनीच. पण रोमुशा म्हणून वेठीला धरलेल्या आपल्या लोकांचे हाल या पोरांना रोज दिसत होते. १४ फेब्रुवारी १९४५ च्या पहाटे ब्लितारच्या तुकडीने सुप्रियादी या बावीस वर्षांच्याही आतल्या अधिकाऱ्याच्या नेतृत्वाखाली बंड केलं. बंड लगेच मोडलं. सहा जणांना जाकार्तात मृत्युदंड झाला. सुप्रियादी सापडला नाही, आजतागायत नाही. स्वातंत्र्य मिळाल्यावर ऑक्टोबर १९४५ मध्ये सुकार्नोंनी त्याला जनसुरक्षा मंत्री नेमलं. तो हजर झाला नाही, म्हणून काही दिवसांत दुसऱ्याची नेमणूक झाली. नाहीशा झालेल्या मुलाला मंत्रिमंडळात खुर्ची देणारं राष्ट्र मला तरी दुसरं माहीत नाही. जुन्या बराकींच्या आवारात आता शाळा आहेत. मधली सुट्टी झाली होती, गणवेशातली पोरं सुप्रियादीच्या पुतळ्यासमोरून धावत होती.

चौथा दिवस : केलुद

पहाटे चारला निघालो. चांगला रस्ता केदिरीच्या बाजूने, न्गांचारवरून जातो, म्हणून पर्वताला अर्धा वळसा घालावा लागतो. चालक पंचविशीतला, त्याला आम्ही 'मास' म्हणत होतो, आपल्या दादासारखं. त्याने वाटेत इथली जुनी गोष्ट सांगितली. बैलाच्या डोक्याचा लेंबू सुरो राजकन्येला मागणी घालतो. ती अट घालते, केलुदच्या माथ्यावर एका रात्रीत दोन विहिरी खण, एकीला सुगंध हवा, दुसरीला मासळीचा वास. तो खणतो. राजकन्या सैनिकांकरवी त्याला विहिरीतच गाडते. मरताना तो शाप देतो : केदिरी होईल नदी, ब्लितार होईल अंगण, तुलुंगआगुंग होईल डोह. जावानीजमध्ये याला यमक आहे : केदिरी दादी काली, ब्लितार दादी लातार, तुलुंगआगुंग दादी केदुंग.

मी त्याला ते पुन्हा म्हणायला लावलं आणि वहीत लिहून घेतलं. कारण हा शाप म्हणजे उताराचा नकाशा आहे. केलुदच्या विवरात तळं साठतं. उद्रेक झाला की ते पाणी राख, वाळू, धोंडे घेऊन ओढ्यांतून सुटतं. या उकळत्या चिखलपुराला 'लाहार' म्हणतात, आणि हा जावानीज शब्दच जगभरच्या भूगोलाच्या पुस्तकांत गेला. मीही तो फळ्यावर लिहिला होता. हा लाहार पायथ्याच्या ब्लितारवर पसरतो आणि सगळं अंगणासारखं सपाट करतो, मग ब्रांतासमध्ये उतरून नदीचं पात्र भरतो, सखल तुलुंगआगुंगला पाणी तुंबतं. ज्यांनी ही गोष्ट रचली त्यांनी हे पिढ्यान्‌पिढ्या भोगलेलं होतं.

१५८६ च्या उद्रेकात दहा हजारांच्या आसपास माणसं मेल्याचं मानतात. १९१९ चा मे महिना तर डचांच्या दप्तरात नीट नोंदलेला आहे. १९ तारखेच्या मध्यरात्रीनंतर विवरातलं सुमारे ४ कोटी घनमीटर पाणी बाहेर फेकलं गेलं. लाहार तासाभराच्या आत खाली पोचला, ब्लितार शहरात घुसला. ५,१६० माणसं गेली. झोपेतच.

त्यानंतर डच अभियंत्यांनी ठरवलं की डोंगर थोपवता येत नसेल तर तळं तरी रितं करू. विवराच्या भिंतीतून बोगदे खणले. १९२६ पर्यंत पाणी ४ कोटींवरून २० लाख घनमीटरवर आलं. १९५१ च्या उद्रेकात मृत्यू अगदी थोडे झाले. पण त्याच उद्रेकाने विवराचा तळ खोल केला, बोगद्यांची तोंडं पाण्याच्या वर राहिली, तळं पुन्हा भरलं, आणि १९६६ मध्ये दोनशेहून जास्त माणसं लाहारने नेली. लगेच आणखी खालच्या पातळीवर नवा बोगदा झाला. शेवटचा मोठा उद्रेक १३ फेब्रुवारी २०१४ च्या रात्री. राख पश्चिमेला दोनशे किलोमीटरवरच्या ज्योगजाकार्तापर्यंत गेली, विमानतळ बंद पडले. पायथ्याची माणसं आधी हलवलेली होती, म्हणून बहुतेक वाचली.

शेवटचा टप्पा मोटारसायकलवर मागे बसून. मग थोडं पायी. उजाडत होतं. कड्यावर आले आणि खाली विवर. उभे करडे सुळके, त्यांच्या कुशीत हिरवट पाण्याचं तळं, काठाला गंधकाचा पिवळा पट्टा आणि एका बाजूने वाफ. वाफ अगदी हळू वर येत होती, चुलीवरच्या भाताच्या भांड्यातून येते तशी. माझ्या फळ्यावरच्या चित्रात आवाज नव्हता, वास नव्हता. इथे गंधकाचा वास होता आणि आवाज मात्र इथेही नव्हता. इतकी शांतता मला अपेक्षित नव्हती.

मी वाकून मूठभर वाळू उचलली. काळी, हलकी, टोचणारी. आमच्या वऱ्हाडातली कापसाची काळी माती आणि ही, दोघींचं कूळ एक. तिला ऊन-पावसाने कोट्यवधी वर्षं कुटून मऊ केली आहे, ही अजून दहा-पंधरा वर्षांची आहे. उतारावरचा अननस आणि खालचं भात हिच्याच जिवावर पिकतं. वाळू परत ठेवली. तिथली वस्तू तिथेच बरी.

खाली येताना बोगद्याचं तोंड पाहिलं. त्यातून पाणी येत होतं, लहानशा ओढ्याइतकंच. हजारो जीव या ओढ्याने राखले आहेत. मी हात जोडले. मास हसला नाही, त्यानेही आरशातून नुसती मान लववली.

रात्री बूंना विचारलं, भीती नाही वाटत? त्यांनी १९९० ची फेब्रुवारी सांगितली. छपरावर राख साचत होती, ओली झाली की छप्पर बसतं म्हणून घरातले सगळे फावडी घेऊन वर चढले होते. आठवडाभर राख काढली. "आणि मग?" त्या म्हणाल्या, त्या वर्षीच्या मिरच्या अशा आल्या होत्या की शेजारी वाटून उरल्या.

पाचवा दिवस : जमिनीखालचं देऊळ, आणि बोरोचा गणपती

सकाळी सावेंतारला गेलो. शहराच्या पूर्वेला, अगदी जवळ. वस्तीत एक मोठा खड्डा आणि खड्ड्यात देऊळ. आपण वर रस्त्यावर उभे असतो आणि कळसाकडचा भाग डोळ्यांसमोर येतो. देऊळ कुणी खाली बांधलं नव्हतं, जमीन वर आली. केलुदच्या वाळूने ते गिळलं आणि नंतर उकरून काढावं लागलं. १३६१ मध्ये हयाम वुरुक इथे येऊन गेला, तेव्हा ते जमिनीवर होतं. त्या खड्ड्याच्या काठाच्या मातीत थरांवर थर दिसतात. मुलांची सहल इथे आणता आली असती तर मला आणखी काही शिकवायची गरज पडली नसती.

मग ब्रांतास ओलांडून दक्षिणेला सिंपिंग. मजपाहितचा संस्थापक रादेन विजय १३०९ मध्ये वारला, त्याच्या स्मरणार्थ इथे देऊळ होतं. आता चौथरा आणि नीट रचून ठेवलेले दगड. त्यातली मूर्ती जाकार्ताच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, आम्ही ती आधी पाहिली होती : हरिहर, अर्धा शिव, अर्धा विष्णू. राजाला देवरूपात घडवताना त्यांनी एकाला निवडून दुसऱ्याला वगळलं नाही. भोवती घरं, वाळत घातलेले कपडे, कोंबड्या. हे दगडांमधून फिरत राहिले, मी सावलीत बसले.

बोरोला पोचेपर्यंत ऊन उतरलं होतं. ब्रांतासच्या खोऱ्यातलं साधं खेडं, घरांमध्ये एक कुंपण, छोट्या बागेत चौथऱ्यावर गणपती. पुरुषभर उंचीचा, काळ्या दगडाचा. शक ११६१, इसवी सन १२३९. म्हणजे ज्ञानेश्वरांच्या जन्माच्याही आधीचा. आसनाभोवती कवट्यांची रांग. आपल्याकडच्या मांडवातल्या गणपतीची सवय असलेल्याला जरा धस्स होतं. सोंड डावीकडच्या वाटीत, तेवढं ओळखीचं.

पाठीमागे गेले आणि पुन्हा थांबले. गणपतीच्या पाठीवर, पूर्ण रुंदीभर, 'काल' या राक्षसाचं मुख आहे. बटबटीत डोळे, सुळे, उगारलेले पंजे. समोरून येणाऱ्या विघ्नावर गणपतीची नजर, मागून येणाऱ्यावर कालाची. अभ्यासकांचं म्हणणं असं, की नदीच्या उताराच्या, धोक्याच्या जागी असे गणपती बसवत. हे खोरंच धोक्याचं. एकीकडून नदी चढते, दुसरीकडून डोंगर उतरतो.

राखण करणाऱ्या आजोबांना आम्ही भारतातून आलो हे कळलं तेव्हा त्यांनी कुंपणाचं दार उघडलं. दूर्वा कुठून आणणार? मी खाली बघितलं तर चौथऱ्याच्या कडेने हरळी माजलेली होती. आपलीच ती, पानांची तीच ठेवण. एकवीस मोजून जुडी केली. हे अथर्वशीर्ष म्हणायला लागले, हळू आवाजात. आजोबा हात पुढे बांधून उभे राहिले. संपल्यावर त्यांनी माझ्याकडे बोट करून मागे जायची खूण केली, आणि स्वतः खाली वाकून थोडी हरळी उपटून माझ्या हातात दिली. पाठीमागच्यासाठी.